कापडाची मागची बाजू

१ जानेवारी १९६०, शुक्रवार. सकाळी

नवीन वर्ष, नवीन डायरी, नवीन धंदा. डायरी एका रंगाच्या कंपनीने वाटलेली आहे. प्रत्येक पानाखाली त्यांची जाहिरात आहे, पण इतकी बारीक की भिंग लागावं. अशाने रंग खपतो का? जाहिरात मोठी पाहिजे. माणूस लहान असला तरी चालेल.

आजपासून मी गिरणी कामगार नाही. 'सीताराम पब्लिसिटी', लालबाग. अकरा वर्षं मिलच्या घडी खात्यात कापडाच्या टोकाला ठसे मारले. डिसेंबरात राजीनामा दिला. खात्यातले सगळे म्हणाले, वेडा झालास काय रे, पर्मनंट नोकरी सोडतोस. दूरदृष्टी कुणालाच नाही.

मुंबईतले सगळे पेंटर कापडी बॅनर ब्रशने काढतात. एकेक अक्षर घोटत बसतात. मी छापणार. दोन फूट उंचीचे लाकडी ठसे करायचे, रंग लावायचा, कापडावर मारायचे, संपलं. सभा, दुकानं, लग्नं, निवडणुका, सगळं एका दिवसात. हिंदुस्थानात हे अजून कुणी केलेलं नाही. का केलं नसेल, ह्याचा विचार करायला वेळ झाला नाही.

बकुळा सोमवारी घोडपदेवला भावाकडे हवापालटासाठी गेली. लेकीला, नलूलाही नेलं. घोडपदेवची हवा लालबागच्या हवेहून वेगळी आहे असं नाही, पण बायकांना अधूनमधून माहेर लागतं. राजीनाम्याचं मी तिला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं, दिल्यानंतर. जाताना म्हणाली, एक तरी काम पुरं करून दाखवा, चार माणसं उभी राहून ते वाचतायत असं मला दिसू दे, मग येते. इतकी सोपी अट. मला हसूच आलं. संक्रांतीपर्यंत घरी येईल.

संकल्प : सहाला उठणे. विडी बंद. रोज डायरी.

४ जानेवारी, सोमवार

साडेआठला उठलो. तीन दिवस डायरी लिहिता आली नाही, विचार चालू होता.

पहिली ऑर्डर आली. आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी रामदासभाऊ स्वतः खोलीवर आले. सतराला, रविवारी, चाळीसमोरच्या मैदानात सभा आहे. राज्य द्यायचं ठरलंय असं सगळे बोलतायत, पण कायदा पास होईपर्यंत दिल्लीवर भरवसा ठेवायचा नाही, असं रामदासभाऊंचं मत. स्टेजच्या मागे बत्तीस फुटी बॅनर पाहिजे : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

मी म्हटलं, दोन दिवसांत देतो. रामदासभाऊ म्हणाले, सीताराम, दोन दिवस नको, तेरा दिवस घे, पण दे. दादरच्या शिवा पेंटरला सांगणार होतो, तुझ्या बायकोकडे बघून तुला दिलं.

बायकोचा इथे काय संबंध, कळलं नाही. असो. लोकांना आमच्याबद्दल आदर आहे.

५ जानेवारी, मंगळवार

कापड निवडलं. मांजरपाट. दुकानदार जाड लठ्ठा घ्या म्हणत होता. पण मला कापडातलं शिकवायचं नाही.

गुणाजी मिस्त्रीला ठशांचं काम दिलं. तो आमच्याच गावाकडचा, हात चांगला, बोलणं कमी. मी अक्षरं कागदावर काढून दिली, सुबक, शिरोरेघेसकट. म एकच, स एकच, कारण ठसा पुन्हा पुन्हा मारता येतो. ब्रशवाल्या शिवाला प्रत्येक म नव्याने काढावा लागत असणार. मला त्याची दया आली.

गुणाजी कागद बघून म्हणाला, ह्यां असांच काढूचा? मी म्हटलं, अगदी असंच. केसाचाही फरक नको.

९ जानेवारी, शनिवार

दौलत आला होता. बकुळाचा धाकटा भाऊ, माझगाव गोदीत फिटर. माणूस सरळ आहे, पण कलेची आवड नाही. स्टोव्ह आणि मोठी दोन पातेली घेऊन गेला. म्हणाला, भावोजी, ताईला लागतायत. तिची तब्येत सुधारत असणार, भूक वाढलेली दिसते.

माझी सोय झाली. मोरीजवळचा कोपरा मोकळा झाला, तिथे रंगाचे डबे ठेवले.

११ जानेवारी, सोमवार

ठसे आले. भिंतीला लावून ठेवले. काय रुबाब. खोलीत मोठी माणसं पाहुणी आल्यासारखं वाटतंय.

एक अडचण. ष्ट्र नाही. मी कागदावर ष काढला, ट काढला, र काढला. ते एकावर एक चढवायचे असतात हे माहीत होतं, पण कागदावर वेगवेगळे ठीक दिसत होते. तीन ठसे एकावर एक मारून बघितले. रंगाचा गोळा झाला. क्तचंही तसंच.

रामदासभाऊंकडे गेलो आणि सुचवलं की मजकूर बदलूया. 'मुंबई पाहिजेच' असं सुटसुटीत लिहू. अर्थ तोच, ठसे तयार आहेत. ते म्हणाले, सीताराम, चार वर्षं आम्ही एकाच शब्दासाठी भांडतोय आणि तो तुझ्याकडे नाही होय.

राजकारणी माणसाला छपाईच्या टेक्निकल अडचणी कळत नाहीत. गुणाजीला क्त आणि ष्ट्र कोरायला सांगितलं. तो म्हणाला, ह्या ष्ट्रात माझो जीव जातलो.

१४ जानेवारी, गुरुवार. संक्रांत

घोडपदेवला जाऊन आलो. तिळगूळ घेऊन गेलो होतो. बकुळाने घेतला, दिला, गोड बोला म्हणाली. एवढंच बोलली. नलू मात्र बोलत होती. तिला ठशांबद्दल सगळं सांगितलं. दौलतच्या गल्लीच्या तोंडाशी एक भिंत फार चांगली आहे, वीस बाय दहा. पावलं टाकून मोजली. बकुळा दारातून बघत होती. तिला अभिमान वाटला असावा, पण चेहऱ्यावर दाखवत नाही, हा तिचा स्वभाव.

सतराच्या सभेला ये म्हटलं. म्हणाली, बघते.

१५ जानेवारी, शुक्रवार. दुपारी

ष्ट्र आला. मिस्त्रीने जीव ओतला आहे. छपाई सुरू केली.

पहिला ठसा म. मारला, उचलला. म उलटा. आरशात दिसतो तसा. दंडा ह्या बाजूचा त्या बाजूला. वाटलं रंग ओला आहे म्हणून. वाळवला. तरी उलटा.

गुणाजीला बोलावून झापलं. तो म्हणाला, तुमी सांगितल्यात केसाचोय फरक नको, मी केलंय नाय. आणि म्हणाला, अकरा वर्षां ठसे मारल्यात ना तुमी? ठशार अक्षर उलटां असतां, म्हायत नाय?

आता ह्याला काय सांगायचं. अकरा वर्षं ठसे मारले हे खरं. पण मारताना ठशाचं तोंड कापडाकडे असतं, माझ्याकडे मूठ. तोंड बघायचा प्रसंगच आला नाही.

१५ जानेवारी. संध्याकाळी

तोडगा सापडला. घाबरलो नाही म्हणून सापडला.

उलटी अक्षरं उजवीकडून डावीकडे छापायची. रंग कापडातून आरपार उतरेल. मग मागची बाजू पुढे करायची. मागून सगळं बरोबर वाचता येतं. मांजरपाट घेतला तो ह्याचसाठी, असं आता लक्षात येतं. लठ्ठ्यातून रंग उतरला नसता.

१६ जानेवारी, शनिवार

छापलं. खोली दहा फूट, कापड बत्तीस. बाकीचं गॅलरीत सोडलं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाय दिले, दोन पावलं उमटली आहेत, पण ती च आणि पा यांच्या मधे आहेत, तिथे जागा रिकामीच होती.

छापलेल्या बाजूला रंग लालभडक आहे. मागच्या बाजूला जरा फिका उतरला. गुलाबी म्हणता येईल. वाचता येतो. मागच्या बाजूच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं : ही बाजू पुढे.

१७ जानेवारी, रविवार

मी धोब्याकडे सदऱ्याला इस्त्री करून घेत होतो, बकुळा येणार म्हणून. तेवढ्यात रामदासभाऊंच्या पोरांनी बॅनर लावला. लालभडक बाजू लोकांकडे. साहजिक आहे. पेन्सिल कुणाला दिसली नाही.

मैदानात हजारभर माणूस. सगळ्यांनी आधी मान डावीकडे केली, मग उजवीकडे. एकाने मला विचारलं, ही उर्दू आहे का? पाहुणे स्टेजच्या मागच्या बाजूने आले, त्यांना मात्र बरोबर वाचता आलं. म्हणजे काम अगदीच फुकट गेलं असं नाही. महत्त्वाच्या लोकांनी वाचलं.

रामदासभाऊंनी दादरला माणूस पाठवला. शिवा पेंटर सायकलवर आला, मैदानातच कापड अंथरलं, तासाभरात बॅनर. ब्रशने. शेवटच्या पाहिजेला जागा कमी पडेल असं मला वाटत होतं, पण पुरली.

बकुळा आली नाही. दौलत आला होता. त्याने बॅनर बघितला, मला बघितलं आणि चहा पाजला. मी म्हटलं, ताईला सांग, थोडक्यात राहिलं. तो म्हणाला, काय सांगू भावोजी.

२ फेब्रुवारी, मंगळवार

बरेच दिवस लिहिलं नाही. ताप होता. म्हणजे ताप नव्हता, पण उठावंसं वाटत नव्हतं.

दौलत शिवणाचं मशीन घेऊन गेला. आता खोलीत कापड बारा फूट पसरता येतं, ह्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं. बकुळा शिवणकाम करत असणार, हातांना विरंगुळा.

नवीन योजना : सरळ छापणारे, म्हणजे उलटे कोरलेले, नवे ठसे. गुणाजीला निरोप दिला. त्याने सांगितलं, शिमग्याक गावी जातंय, येवन बघू.

५ मार्च, शनिवार

गुणाजी गावाला गेला. शिमगा तेराला आहे, हा आत्ताच गेला. कधी येणार ते कुणालाच सांगून गेला नाही.

तात्पुरता ब्रश हातात घेण्याचं ठरवलं. तात्पुरता.

१२ मार्च, शनिवार

दुकानाची ऑर्डर. परळ नाक्याचे गंगाधरशेट, मसाला आणि किराणा. पाडव्याला दुकानावर नवा फलक पाहिजे. मजकूर त्यांनीच दिला : आमच्याकडे भेसळ नाही. हल्ली हळदीत पिवळी माती घालतात असा बोभाटा आहे, म्हणून.

दुकान कोपऱ्यावर आहे. पुढे हमरस्ता, बाजूला गल्ली. शिवासारख्याने सरळ पुढच्या बाजूला फलक मारून मोकळा झाला असता. मी म्हटलं, शेट, तुम्हाला दोन रस्ते आहेत आणि तुम्ही एकाच रस्त्याला जाहिरात करताय. फलक कोपऱ्यावरून वळवू. अर्धा रस्त्यावर, अर्धा गल्लीत. अक्षरं मोठी होतील, दोन्हीकडची गिऱ्हाईकं येतील. शेट म्हणाले, बघा बुवा, तुम्ही त्यातले.

मी त्यातला आहे हे निदान एका माणसाला कळलं.

२० मार्च, रविवार

घोडपदेवला गेलो. बकुळाला म्हटलं, पाडव्याला परळ नाक्यावर ये, माझं काम पुरं झालेलं दाखवतो. ह्या वेळी ती हो म्हणाली. सोमवारी सकाळी दहाला. जेवायला वाढलं, मासे होते. म्हणाली, तुम्ही बारीक झालात. मग म्हणाली, खरंच पुरं करा. आवाज वेगळा होता. मला बरं वाटलं. घरी येताना पायी आलो, कळलंही नाही.

२७ मार्च, रविवार

फलक झाला. वेळेआधी एक दिवस. हिरव्यावर पिवळी अक्षरं, दीड दीड फूट, एकही डाग नाही. गंगाधरशेटच्या माणसांनी लावला. मी समोर उभा राहिलो नाही, वर शिडीवर होतो, खिळे बघत. जवळून फारच सुंदर दिसतो.

२८ मार्च, सोमवार. पाडवा

काय लिहू.

हमरस्त्यावरून दिसतं : आमच्याकडे भेसळ. गल्लीतून दिसतं : नाही.

सकाळी आठपासून दुकानासमोर गर्दी. मला आधी वाटलं, जाहिरात लागू पडली. माणसं थांबून वाचत होती, हसत होती, मागच्यांना बोलावून दाखवत होती. गल्लीतल्या बायका हळद घ्यायला आल्या, 'नाही' वाचलं, हळद संपली समजून परत गेल्या.

बकुळा दहाला आली. नलूचा हात धरून. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली आणि वाचलं. मी धावत जाऊन म्हटलं, इकडे ये, गल्लीत चल, पुढचा शब्द गल्लीत आहे. ती म्हणाली, आणि जे गल्लीत येणार नाहीत त्यांचं काय? मी म्हटलं, ती त्यांची चूक. नलू गल्लीत आली, वाचून म्हणाली, बाबा, अक्षर छान आहे. मग दोघी गेल्या.

शेटनी दुपारी फलक उतरवला. माझ्याशी चांगलं बोलले, पाडव्याची साखरगाठी दिली, आणि पुन्हा दुकानात पाऊल टाकू नका म्हणाले.

एक गोष्ट मात्र खरी. चार माणसं उभी राहून वाचत होती, हे बकुळाने स्वतः पाहिलं. अट तीच होती. पण हे तिला आत्ता सांगणं बरोबर नाही.

३ एप्रिल, रविवार

दौलत आला. पाटा-वरवंटा नेला. त्या दगडाचं वजन, दोन माणसं लागली, मीच मदत केली. विचारलं, इतका मसाला कशाला? तो म्हणाला, ताई चार गोदीवाल्यांना डबा देते, वाढतायत हळूहळू. आणि जाताना जिन्यात थांबून म्हणाला, भावोजी, नलूचा लालबागच्या शाळेतला दाखला काढायला सांगितलाय, जूनपासून तिकडच्या शाळेत घालतोय.

चांगली शाळा असेल. पण दोघी घरी आल्या की ने-आण करायला लांब पडेल. मग बकुळाला सांगेन.

खोली आता अगदी मोकळी आहे. आवाज घुमतो.

१० एप्रिल, रविवार

रामदासभाऊ जिन्यात भेटले. एक मे नक्की. राज्य होतंय. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला म्हणाले, अख्ख्या मुंबईत पेंटर मोकळा नाही. गिरगाव, दादर, परळ, सगळीकडे बॅनर चालू आहेत, शिवाकडे तर रांग आहे. म्हणून तुझ्याकडे येतोय, सीताराम, खोटं कशाला बोलू. दोनच शब्द. महाराष्ट्र झाला. दोन शब्दांत तुझ्याने काय चुकणार?

हात जोडले त्यांनी. मलाच लाज वाटली.

ह्या वेळी नाही. ह्या वेळी मी काहीही नवीन करणार नाही. साधं कापड, साधा ब्रश, दोन शब्द, सरळ. देवाची शपथ घेतली.

२२ एप्रिल, शुक्रवार

बारा दिवस रंग निवडण्यात गेले. भगवा की लाल? भगव्यावर लाल की लालवर पांढरा? ही घाईने करायची गोष्ट नाही, राज्य रोज होत नाही. शेवटी लाल, पांढऱ्या कापडावर. म्हणजे जानेवारीत होतं तेच. पण विचारपूर्वक.

२५ एप्रिल, सोमवार

कापड नाही. लालबागेत नाही, दादरला नाही, मंगळदास मार्केटमध्ये पांढरा मांजरपाट औषधाला नाही. सगळ्या मुंबईने बॅनरसाठी उचलला. मिलच्या गेटवर गेलो, घडी खात्यातली जुनी माणसं भेटली. म्हणाली, तू असतास आत, तर एक ताका आम्हीच काढून दिला असता. हसले. मीही हसलो.

घरी येऊन बसलो. भिंतीशी जानेवारीतला बॅनर गुंडाळून ठेवलेला होता. उलगडला. मागची बाजू वर केली. गुलाबी अक्षरात, अगदी सरळ : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

बघत राहिलो आणि अंगावर काटा आला. त्यात 'महाराष्ट्र झाला' आधीच आहे. लिहायचं काहीच नाही. फक्त सुरुवातीचे दोन शब्द पुसायचे आणि शेवटचा 'च पाहिजे' पुसायचा. चार वर्षांची चळवळ, आणि शेवटी फक्त च पाहिजे पुसायचं राहिलं होतं. असा विचार दुसऱ्या कुणा पेंटरला सुचला असता का?

शपथ मोडत नाही. हे नवीन नाही, जुनंच आहे.

२८ एप्रिल, गुरुवार

सफेदा आणि डिंक. मागच्या बाजूला, म्हणजे आताच्या पुढच्या बाजूला, नको त्या शब्दांवर तीन हात दिले. 'महाराष्ट्र झाला' ब्रशने लाल करून घेतलं. ष्ट्रला एक तास लागला.

आता खरं सांगायला हरकत नाही. हे आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम आहे.

घोडपदेवला निरोप पाठवला : एक मे, सकाळी आठ, मैदानात. ह्यापुढे बोलावणार नाही, असंही सांगितलं. बकुळाचा उलट निरोप आला : येते, शेवटचं.

शेवटचं म्हणजे, मग घरीच येईल.

३० एप्रिल, शनिवार. संध्याकाळी

बॅनर लागला. मैदानाच्या पूर्व कडेला लावून घेतला, म्हणजे रस्त्यावरून येणाऱ्याला थेट समोर. मी स्वतः उभा होतो, बाजू स्वतः तपासली. पांढरंशुभ्र कापड, मधोमध लाल महाराष्ट्र झाला. मावळतीचं ऊन समोरून पडलं होतं. गॅलऱ्यांतून माणसं टाळ्या वाजवत होती. रामदासभाऊंनी मला मिठी मारली. म्हणाले, सीताराम, मी तुला उगीच बोललो रे.

अख्खं लालबाग दिव्यांनी भरलंय. मला रडू आलं, इथे लिहायला हरकत नाही. खोली झाडून घेतली. शेजारच्या मीनाक्षीवहिनींकडून स्टोव्ह उसना आणून ठेवला, उद्या ती आली की चहा करता येईल.

१ मे १९६०, रविवार

सूर्य पूर्वेला उगवतो. हे मला माहीत होतं.

सकाळी साडेसातला तो बॅनरच्या बरोबर मागून वर आला. पुढून सफेदा दिला होता, पण मागची लालभडक अक्षरं तशीच होती. ऊन आरपार आलं आणि एकेक अक्षर उभं राहिलं. सफेद्याच्या आतून. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. अख्खं. सरळ. इतकं स्वच्छ ते जानेवारीतही दिसलं नव्हतं.

माणसं नवे कपडे घालून येत होती, पेढे वाटत होती, आणि बॅनर बघून थांबत होती. एक म्हातारा गिरणीवाला खरोखर घाबरला, रामदासभाऊंना विचारू लागला, काय हो, रात्रीत काही बदललं की काय? त्याला समजावताना त्यांचा आवाज चढला.

मी सांगितलं की बेळगाव, कारवार अजून बाकी आहे, तेव्हा 'झालाच पाहिजे' दिसलं ते एका परीने योग्यच आहे. रामदासभाऊ म्हणाले, सीताराम, आजच्या दिवशी तरी गप्प बस. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बकुळा आठला आली होती. दोन्ही हात जोडून, मान वर करून तिने बॅनर वाचला. नलूने मोठ्याने वाचला. पोरं बॅनर उतरवायला चढली तोवर ती थांबली. तो पूर्ण खाली येईपर्यंत थांबली. मी गर्दीतून तिच्याकडे निघालो, पण लेझीमवाले मधे आले आणि ते जाईपर्यंत ती नव्हती.

४ मे, बुधवार

सकाळी मिलच्या गेटवर गेलो होतो. बदली कामगार म्हणून नाव लिहून घेतलं, पर्मनंट आता मिळणार नाही. हेच सांगायला दुपारी घोडपदेवला गेलो. वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. तिला नोकरीच हवी होती.

दौलतच्या घराच्या ओट्यावर बाकं मांडली आहेत. गोदीतली दहा-बारा माणसं जेवत होती. दारावर नवी पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं, तीन फूट बाय दीड. खाली कोपऱ्यात शिवा पेंटर, दादर. मी नेहमीच्या सवयीने पाटी तपासली. अंतर बरोबर, शिरोरेघ सरळ, दोन्ही बाजूंना सारखी जागा. घरगुती कोकणी खानावळ. चालक : श्रीमती बकुळाबाई.

चूक लगेच दिसली. सौ. पाहिजे. नवरा गेला की श्रीमती लिहितात. मी तर जिवंत आहे, समोर उभा आहे. मला शिवाचं हसूच आलं, एवढा नावाजलेला पेंटर आणि अशी चूक करतो. बकुळा बाहेर आली, हातात भाताचं पातेलं. कपाळाला कुंकू होतं. म्हणजे चूक पाटीचीच.

मी म्हटलं, पाटीत चूक आहे. काळजी करू नकोस, उद्या ब्रश घेऊन येतो, दोन मिनिटांचं काम आहे, सौ. करून देतो.

तिने आधी सगळ्यांना भात वाढला. मग पातेलं खाली ठेवून पदराला हात पुसत म्हणाली, चूक नाही. शिवाने विचारलं होतं, वहिनी, सौ. लिहू की श्रीमती. मी सांगितलं. तो म्हणाला, विचार करून सांगा, ऑइल पेंट आहे, नंतर पुसता येत नाही. तरी तेच सांगितलं.

मी मिलचं सांगितलं नाही. ती म्हणाली, आलात तसे जेवून जा. दोन गोदीवाल्यांनी सरकून जागा दिली. मी जेवलो. तिने मला वाढलं, त्यांना वाढलं, सारखंच वाढलं. आमटी चांगली होती.

घरी आलो. मला फार वाईट वाटतंय. इथे बारीक अक्षरात लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार.